चार लिटरांचा इतिहास: कोलोनोस्कोपीपूर्वी आतडे रिकामे करण्याच्या पद्धती आणि त्यांची तुलना

१.
मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, झालेल्या कोणालाही विचारा, की तपासणी कशी झाली. उत्तर बहुधा आदल्या रात्रीविषयी मिळते. तपासणी गुंगीत पार पडते. लक्षात राहते ते पेल्यामागून पेला प्यावे लागलेले खारट पाणी आणि शौचालयाच्या दाराशी गेलेली रात्र. ही तयारी कशी करावी, याच्या नाना पद्धती गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत वैद्यकाने एकमेकींशी तोलून पाहिल्या. आजचा धागा त्या तुलनेचा इतिहास सांगतो. (हा वैद्यकीय सल्ला नव्हे. कोणती पद्धत घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे.)

२.
विषय ऐकून नाक मुरडू नये. ‘कोणती पद्धत चांगली?’ हा प्रश्न प्रत्येक पिढीने विचारला, पण ‘चांगली’ या शब्दाचा अर्थ दर वेळी बदलला. रुग्णांना सर्वांत सुसह्य वाटलेली एक पद्धत काहींची मूत्रपिंडे निकामी करून गेली, आणि ते कळायला दीड-दोन दशके लागली. तुलना करताना आपण काय मोजतो आणि काय मोजायचे विसरतो, याची ही कहाणी आहे.

३.
आतडे साफ करण्याची कल्पना कोणत्याही दुर्बिणीहून फार जुनी. सुमारे इ.स.पू. १५५० मधील इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये एरंडाचा रेचक म्हणून वापर आढळतो. इ.स.पू. पाचव्या शतकात हिरोडोटसने नोंदवले आहे, की इजिप्तचे लोक दर महिन्याला सलग तीन दिवस वमन आणि एनिमा यांनी शरीरशुद्धी करतात, कारण सर्व रोग अन्नातून उद्भवतात अशी त्यांची समजूत आहे. म्हणजे येथे शुद्धी हाच उपचार होता.

४.
आयुर्वेदाच्या पंचकर्मांतील विरेचन आणि बस्ती यांचा हेतूही दोष बाहेर काढण्याचाच. ‘बस्ती’ या शब्दाचा मूळ अर्थ मूत्राशय. जनावराच्या मूत्राशयाची पिशवी करून तिला ‘नेत्र’ नावाची नळी जोडत, त्यावरून कर्मालाही तेच नाव पडले. बस्ती म्हणजे निम्मी चिकित्सा होय, काहींच्या मते तर संपूर्ण चिकित्सा होय, असे चरकसंहितेचे सिद्धिस्थान सांगते.

५.
सुश्रुतसंहितेत मात्र एक निराळी नोंद सापडते. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला हलके भोजन द्यावे, असा सर्वसाधारण नियम सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात अपवादही दिले आहेत: मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग यांत रुग्ण उपाशी असतानाच कर्म करावे. यांतील बरीचशी कर्मे पोट आणि गुदमार्ग यांच्या परिसरातली आहेत, हे लक्षात घ्यावे. येथे पोट रिकामे ठेवणे हा उपचार नाही, ती वैद्याच्या हाताला काम करता यावे म्हणून केलेली पूर्वतयारी आहे. आजच्या तयारीची जातकुळी या नोंदीशी जुळते.

६.
चवीची तक्रारही जुनीच. मराठीतला ‘जुलाब’ मूळचा फारसी ‘गुलाब’, म्हणजे गुल अधिक आब, फुलाचे पाणी. अरबीत त्याचा ‘जुलाब’ झाला आणि गोड, सुगंधी पेय असा अर्थ त्याला आला. औषध अशा गोड पाण्यातून देण्याच्या रिवाजामुळे पुढे हाच शब्द रेचकाला चिकटला. आपल्याकडे एरंडेलाच्या वाट्याला असा गोडवा कधी आला नाही. ‘एरंडेल प्यायल्यासारखे तोंड’ हा वाक्प्रचार घराघरांतल्या अनुभवातून आलेला आहे.

७.
युरोपात सतराव्या शतकात एनिमाचे इतके प्रस्थ होते, की मोल्येरच्या १६७३ मधील ‘काल्पनिक रोगी’ या नाटकाचा आरंभच नायक औषधविक्याची एनिमाची बिले जुळवीत बसला आहे अशा प्रवेशाने होतो. त्याच शतकात योहान रुडॉल्फ ग्लाउबर या जर्मन रसायनज्ञाने सोडियम सल्फेट या रेचक क्षाराचा प्रसार केला. त्याने त्याला ‘अद्भुत मीठ’ असे नाव दिले होते. हे मीठ ध्यानात ठेवावे. तीनशे वर्षांनी ते या कहाणीत परत येणार आहे.

८.
विसाव्या शतकाच्या आरंभी शुद्धीच्या कल्पनेला विज्ञानाचा पोशाख मिळाला. आतड्यात साचलेल्या मळातून विषे रक्तात भिनतात आणि थकवा, डोकेदुखीपासून वार्धक्यापर्यंत सर्व काही त्यातून येते, असे अनेक नामांकित डॉक्टर मानीत. १९१९ साली वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन वैद्याने या मताचे खंडन केले: बद्धकोष्ठाची लक्षणे विषाने नव्हे, तर आतड्याच्या भरलेपणाने, ताणाने उत्पन्न होतात. वैद्यकाने हे मत पुढे सोडले. बाजाराने सोडले नाही. आजच्या ‘डिटॉक्स’च्या जाहिराती त्याच जुन्या समजुतीवर उभ्या आहेत.

९.
खरा बदल घडला तो पाहण्याच्या गरजेतून. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेरियमचा एनिमा देऊन मोठ्या आतड्याची छायाचित्रे घेण्याची पद्धत रुळली. छायाचित्रात मळाचा गोळा आणि गाठ यांत फरक करणे कठीण. म्हणून एरंडेल, मर्यादित आहार आणि लागोपाठ एनिमा अशी तयारी आली. स्वीडनमधील माल्मो येथे स्योल्वे वेलिन यांनी बेरियम आणि हवा अशा दुहेरी पद्धतीचा पुरस्कार केला. आतड्याच्या भिंतीवरचे बारीकसारीक दाखवणाऱ्या या पद्धतीला काटेकोर सफाईवाचून गत्यंतर नव्हते.

१०.
याच काळात पहिला इशाराही मिळाला. चित्र अधिक सुस्पष्ट यावे म्हणून एनिमात टॅनिक ॲसिड मिसळण्याचा प्रघात होता. त्याने भिंतीवरचा चिकट स्राव कमी होई आणि बेरियम नीट बसे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा तपासणीनंतर लहान मुले यकृत निकामी होऊन दगावल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले आणि या प्रघाताला आळा बसला. चित्र उत्तम होते. पण चित्राच्या चौकटीत यकृत नव्हते.

११.
दरम्यान, काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे १९५४ साली हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवून दिले होते. त्यातून लवचीक दुर्बिणी घडल्या. १९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि जपानहून आलेले हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून, विजेच्या साहाय्याने, आतड्यातला पॉलिप कापून काढला. एरवी इतक्या आतला पॉलिप काढण्यासाठी पोट उघडावे लागे. आता सफाईच्या पद्धतीला दोन कसोट्या लागल्या: सर्व भिंत दिसली पाहिजे, आणि आत ठिणगी पडली तरी धोका होता कामा नये.

१२.
सुरुवातीला बेरियमच्या काळातलीच तयारी चालू राहिली: दोन-तीन दिवस पातळ आहार, एरंडेल किंवा दुसरे रेचक आणि वर एनिमा. रुग्ण उपासाने थकत आणि तरीही आतडे सर्वत्र स्वच्छ होईल याची शाश्वती नसे. म्हणून १९७०च्या दशकात थेट उपाय पुढे आला. नाकातून जठरात नळी घालायची आणि मिठाचे पाणी सोडत राहायचे, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. एकूण पाणी दहा लिटरांच्या आसपास जाई. काम काही तासांत होई आणि सफाई उत्तम असे. परंतु यातले बरेच पाणी आणि मीठ शरीर शोषून घेई. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ते पेलवणारे नव्हते.

१३.
मग मॅनिटॉल आले. ही एक प्रकारची शर्करा. आतडे तिला फारसे शोषत नाही, ती पाणी ओढून धरते, चव गोड, आणि प्यावेही थोडेच लागते. रुग्णाच्या दृष्टीने जणू सर्वच प्रश्न सुटले. पण आतड्यात आपल्याखेरीज आणखीही कोणी जेवत असते. तिथले जीवाणू मॅनिटॉल आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन निर्माण होतो. १९७९ साली फ्रेंच डॉक्टरांनी एक घटना प्रसिद्ध केली: मॅनिटॉलने तयारी केलेल्या रुग्णाचा पॉलिप विजेने कापत असताना आतड्यात स्फोट झाला आणि तो रुग्ण दगावला. १९८१ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी मॅनिटॉलनंतरचा आतड्यातील वायू मोजला, तेव्हा हायड्रोजनचे प्रमाण स्फोटक पातळीपर्यंत जाऊ शकते, हे दिसून आले.

१४.
या कोंडीतून वाट काढली ती शरीरक्रियेच्या एका अभ्यासकाने. अमेरिकेतील डॅलस येथील जॉन फोर्डट्रन हे आतडे पाणी आणि क्षार कसे शोषते याचा शोध घेत. अशा प्रयोगांत पॉलिएथिलिन ग्लायकॉल (पेग) हा पदार्थ खूण म्हणून पाण्यात घालत, कारण आतडे तो शोषत नाही. किती पाणी शोषले गेले, याचा हिशेब त्यावरून लागे. ग्लेन डेव्हिस आणि फोर्डट्रन यांच्या गटाने १९८० साली हाच खुणेचा पदार्थ मुख्य घटक करून एक द्रावण प्रसिद्ध केले.

१५.
द्रावणाची युक्ती अशी. पेगचे मोठे रेणू आतड्यात शोषले जात नाहीत आणि पाण्याला धरून ठेवतात. जीवाणू त्यांना आंबवत नाहीत, म्हणून स्फोटक वायू होत नाही. उरला प्रश्न मिठाचा. साध्या मिठातले सोडियम क्लोराईडच्या जोडीने सहज शोषले जाते आणि मागोमाग पाणी ओढते. क्लोराईडचा बराचसा भाग काढून त्याजागी सल्फेट घातले, तर आतडे सल्फेट फारसे घेत नसल्याने सोडियमही मागे राहते. परिणामी, जितके द्रावण वरून आत जाते जवळपास तितकेच खालून बाहेर येते आणि शरीराच्या पाण्याचा तोल ढळत नाही. यासाठी वापरलेला क्षार होता सोडियम सल्फेट, म्हणजे ग्लाउबरचे ‘अद्भुत मीठ’.

१६.
१९८४ साली हे द्रावण अमेरिकेत अधिकृत औषध म्हणून मंजूर झाले. मात्रा चार लिटर, दर दहा मिनिटांनी २४० मिलिलिटर. म्हणजे सुमारे सतरा पेले. सल्फेटामुळे त्याला खारट, काहींना सडक्या अंड्यासारखी वाटणारी चव असे. सुरक्षितता सिद्ध झाली होती, पण पुष्कळांना ते संपवताच येत नसे. आणि जे द्रावण पोटात न जाता बाटलीतच उरते, ते कितीही सुरक्षित असले तरी आतडे साफ करू शकत नाही.

१७.
आता कहाणीत एक सामाजिक वळण येते. १९९३ साली अमेरिकेतील राष्ट्रीय पॉलिप अभ्यासाने दाखवले, की पॉलिप वेळीच काढून टाकल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळते. २००१ पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याने सर्वसाधारण धोक्याच्या ज्येष्ठांच्या कोलोनोस्कोपीचाही खर्च उचलायला सुरुवात केली. तोवर मुख्यत्वे आजारी माणसांची असलेली तपासणी लाखो धडधाकट माणसांच्या वाट्याला आली. धडधाकट माणूस सतरा पेले पिण्यास सहजासहजी तयार होत नाही. त्याला सोपी पद्धत हवी होती.

१८.
ती हाताशी होतीच. १९९० साली कॅनडातील संशोधकांनी पेगच्या द्रावणाची तुलना सोडियम फॉस्फेटशी केली होती. ४५ मिलिलिटरचे दोन घोट, आणि वर साधे पाणी किंवा सरबत हवे तेवढे. रुग्णांना ते कितीतरी सोपे गेले आणि सफाईही सरस ठरली. पुढे अनेक तुलनांनी ही सोय उचलून धरली. गोळ्याही आल्या. त्या तुलनांत दोन गोष्टी प्रामुख्याने मोजल्या जात: आतडे किती स्वच्छ झाले आणि रुग्णाला किती त्रास झाला. दोन्ही परीक्षांत फॉस्फेट वरच्या श्रेणीत उत्तीर्ण होत होते.

१९.
तिसरी परीक्षा कोणी घेतली नव्हती. कोलंबिया विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञांना मूत्रपिंडांच्या बायोप्सींमध्ये एक विलक्षण गोष्ट आढळली: सूक्ष्म नलिकांत कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक साचलेले. २००५ साली त्यांनी असे २१ रुग्ण प्रसिद्ध केले. सर्वांनी थोड्याच काळापूर्वी फॉस्फेट घेऊन कोलोनोस्कोपी करून घेतली होती. बहुतेकांना आधीपासून उच्च रक्तदाब होता. त्यांतील चौघांना कायमचे डायलिसिस लागले, आणि उरलेल्या १७ जणांच्या मूत्रपिंडांचे काम कायमचे मंदावले.

२०.
हे इतकी वर्षे दिसले कसे नाही? फॉस्फेट आतड्यात पाणी ओढते आणि शरीर कोरडे पडते. त्याच वेळी रक्तात फॉस्फेटचा मोठा भार येतो. पण मूत्रपिंडाची हानी पोटात दुखावी तशी दुखत नाही. रुग्ण घरी जातो, आणि आठवड्यांनी, महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत ती उघड होते. तोवर रुग्ण दुसऱ्या विभागातल्या, दुसऱ्या डॉक्टरपुढे बसलेला असतो. तयारीचा कागद एका दफ्तरात, मूत्रपिंडाचा अहवाल दुसऱ्या दफ्तरात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग ओळखीचा वाटतो. दोन दफ्तरे शेजारी ठेवून वाचणारा कोणी मिळेपर्यंत, घडलेली गोष्ट घडलेली नसल्यासारखीच राहते.

२१.
डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फॉस्फेटच्या गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापण्याचा आदेश दिला आणि विनाचिठ्ठी मिळणारे फॉस्फेटचे द्रावण आतड्याच्या तयारीसाठी वापरू नये असे सांगितले. उत्पादकाने ते बाजारातून परत घेतले. अशी हानी विरळा होती, हे खरे. परंतु येथे औषध घेणारा माणूस बहुधा धडधाकट होता, भविष्यातला रोग टाळण्यासाठी आला होता. त्याच्यासाठी विरळा हानीचाही तराजू वेगळा असायला हवा.

२२.
दरम्यान, ‘स्वच्छ’ म्हणजे किती स्वच्छ, याचेही माप ठरत होते. आधीच्या तुलनांत ज्याचा त्याचा तराजू असल्याने एकीचा निष्कर्ष दुसरीशी ताडून पाहणे अवघड होते. २००४ मध्ये ओटावा मापनश्रेणी आणि २००९ मध्ये बॉस्टन मापनश्रेणी प्रसिद्ध झाली. बॉस्टन पद्धतीत आतड्याचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात. एकूण ९ गुण म्हणजे उत्तम. भागवार गुण देण्याच्या अशा रीतीमुळे एक उणीव ठळक झाली: आदल्या संध्याकाळी सर्व द्रावण प्यायलेल्यांचा उजवा भाग वारंवार मागे पडत होता.

२३.
कारण साधे होते. लहान आतडे रात्रभर स्वस्थ बसत नाही. त्यातले स्राव पहाटेपर्यंत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या, म्हणजे उजव्या भागात उतरतात आणि साफ झालेल्या भिंतीवर पुन्हा थर देतात. नेमके तिथले पॉलिप अनेकदा चपटे, सहज नजरेतून सुटणारे असतात. उपाय असा निघाला: निम्मे द्रावण आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या दिवशी, चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवायचे. २००९ पासून अमेरिकेच्या मार्गदर्शक तत्त्वांत विभागून मात्रा देण्याची शिफारस आली आणि २०१४ मध्ये ती अधिक ठामपणे मांडली गेली. औषध तेच, मात्रा तीच, फक्त घड्याळ बदलले. सफाईही सुधारली आणि पिणेही सोपे झाले.

२४.
आजची तुलना मग कशी दिसते? चार लिटरांचे पेग अजूनही टिकून आहे, विशेषतः जिथे शरीराचा तोल जपणे सर्वांत महत्त्वाचे असते. ॲस्कॉर्बिक ॲसिड मिसळलेले दोन लिटरांचे पेग पिण्यास हलके. सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेट यांची जोडी चवीला बरी आणि आकाराने लहान, पण मूत्रपिंडे क्षीण असलेल्यांत मॅग्नेशियम साचण्याची भीती. २०२५ च्या अमेरिकन शिफारशींनुसार, कमी धोक्याच्या लोकांसाठी आहाराचे पथ्य आदल्या एका दिवसापुरते आणि द्रावण दोन लिटरांपुरते ठेवता येते. सर्वांसाठी एकच ‘सर्वोत्तम’ पद्धत आहे, असा दावा या शिफारशी करत नाहीत.

२५.
या सर्व वाटचालीत एक सूत्र दिसते. एरंडेलाच्या काळात ‘पोट झाले का’ हे पाहिले. बेरियमच्या काळात ‘चित्र स्वच्छ आले का’ हे पाहिले आणि यकृत विसरले. मॅनिटॉलच्या काळात चव पाहिली आणि जीवाणू विसरले. फॉस्फेटच्या काळात सफाई आणि सोय दोन्ही मोजल्या आणि मूत्रपिंड विसरले. प्रत्येक तुलना आपापल्या मापाने प्रामाणिकच होती. चूक मोजण्यात नव्हती. जे मोजले नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानण्यात होती.

२६.
म्हणून कधी आपल्यावर किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांवर ही वेळ आली, तर ‘त्यातल्या त्यात सोपे काय?’ एवढ्यावर थांबू नये. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, हे सारे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि दिलेल्या वेळा पाळाव्यात. पहाटे चारला गजर लावून दुसरा अर्धा भाग पिताना कंटाळा येईल, तोंड एरंडेल प्यायल्यासारखे होईल. तो गजर नेमका त्या वेळी का वाजतो आहे, ते आता आपल्याला ठाऊक आहे.

धागा येथे संपवतो. शंका, दुरुस्त्या आणि घरोघरच्या एरंडेलाच्या आठवणी खाली जरूर लिहाव्यात.